परदेशी परवाना आणि पाचशे फूट

मुलांनो, गेल्या डिसेंबरात भिवंडीतल्या एका शाळेनं मला स्नेहसंमेलनाला बोलावलं होतं. मी विमान चालवते आणि दुसऱ्यांना चालवायला शिकवते, त्यामुळे अशी बोलावणी अधूनमधून येतात. प्रश्नही ठरलेले असतात. "ताई, भीती वाटते का?" "ढगातून जाताना कसं दिसतं?" "पक्षी आपटला तर?" यांची उत्तरं मला पाठ आहेत. पण त्या दिवशी सातवीतला एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "ताई, तुम्ही अमेरिकेत विमान चालवायला शिकलात. तिथला परवानाही मिळाला. मग इथं आल्यावर पुन्हा परीक्षा कशाला? विमान तेच, आकाशही तेच!"

सगळा हॉल हसला. मला मात्र हसू आलं नाही. कारण अगदी हाच प्रश्न २००८ साली माझ्या बाबांनी मला विचारला होता आणि तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या मुलाला मी वेळेअभावी दोन वाक्यांत सांगितलं. तुम्हाला सगळी गोष्ट सांगते. थोडी लांबेल, पण ऐका.

आमचं घर वंजारपट्टी नाक्याच्या अलीकडे. वर आम्ही राहायचो आणि खाली आठ माग. भिवंडीतल्या मुलांना माग म्हणजे काय ते सांगायला नको, पण बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते: विजेवर चालणारं कापड विणायचं यंत्र. माग चालू असले की भिंती, ताटं, अभ्यासाचं टेबल, सगळं बारीक थरथरत असायचं. पाहुणे कानांवर हात ठेवायचे. आम्हाला त्या खटखटाटाची एवढी सवय की लाईट जाऊन माग थांबले की झोपेतून जाग यायची!

आणि त्या काळात भिवंडीत लाईट फार जायची. तासन्‌तास जायची. मग मी आणि धाकटा भाऊ गच्चीवर जायचो. खाली सगळं गाव अंधारात आणि वर मुंबईकडे निघालेल्या विमानांचे दिवे. पुढे मला कळलं, की विमानाच्या डाव्या पंखाच्या टोकाला लाल दिवा असतो आणि उजव्या टोकाला हिरवा, म्हणजे अंधारातही विमानाचं तोंड कुठे आहे ते ओळखता येतं. तेव्हा एवढंच कळायचं, की आमच्याकडे लाईट नाही आणि त्यांच्याकडे आहे.

गावातल्या वाचन मंदिरात एकदा जुन्या कात्रणांत एक बातमी वाचली. १९८५ साली कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी निवेदिता भसीन यांच्या साथीनं कलकत्त्याहून सिलचरला फॉकर फ्रेंडशिप विमान नेलं. दोन्ही वैमानिक स्त्रिया! देशमुख हे आडनाव वाचून मला फार धीर आला. म्हणजे हे काम आपल्या बोलीत बोलणाऱ्या बाईलाही जमतं तर! घरी येऊन सांगितलं, "मी पायलट होणार." आजी म्हणाली, "आधी गणितात पास हो." आजीचं बरोबर होतं. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित असल्याशिवाय वैमानिकाच्या परीक्षेला बसताच येत नव्हतं.

माझी बारावी झाली २००५ साली. तो काळ नव्या विमान कंपन्यांचा होता. दर सहा महिन्यांनी एखादी नवी कंपनी निघायची आणि वर्तमानपत्रांत 'वैमानिक हवेत' म्हणून जाहिराती यायच्या. इथल्या फ्लाइंग क्लबांत विमानं कमी आणि मुलं जास्त, त्यामुळे दोनशे तास उडायला तीन-तीन वर्षं लागायची. अमेरिकेत तेच काम वर्षा-सव्वावर्षात व्हायचं. बाबांनी खूप विचार केला. शेवटी आठांतले चार माग विकले, उरलेल्या पैशांसाठी घर तारण ठेवून बँकेचं कर्ज काढलं. माग न्यायला टेम्पो आला त्या दिवशी मुकादमचाचा माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "बेटी, आता याच्यापेक्षा जोरात आवाज करणारं यंत्र चालव."

२००७ च्या सुरुवातीला मी टेक्सासला पोहोचले. तिथल्या शाळेत सेसना १७२ नावाचं चार जणांचं छोटं विमान होतं. त्याच्याविषयी लिहायचं तर वेगळा लेख होईल. एकच आठवण सांगते. व्यावसायिक परवान्यासाठी एकट्यानं एक लांबचा प्रवास करावा लागतो. निदान ३०० सागरी मैल, म्हणजे सुमारे ५५५ किलोमीटर, आणि वाटेत दोन निरनिराळ्या विमानतळांवर उतरून थांबायचं. मुंबईहून निघालात तर गोवा मागे टाकून बरंच पुढे जाल, एवढं अंतर. मी तो प्रवास एका सकाळी केला. खाली चौकोनी शेतं, सरळ रस्ते, आणि विमानात मी एकटी. परत येऊन उतरले तेव्हा नोंदवहीत एक ओळ लिहिली. एकच ओळ, पण ती लिहिताना हात थरथरत होता. पुढच्या वर्षी तिथला व्यावसायिक परवाना माझ्या हातात आला. लेखी परीक्षेत शंभरापैकी ब्याण्णव! हा आकडा लक्षात ठेवा बरं का, पुढे लागणार आहे.

नोव्हेंबर २००८ मध्ये मी भिवंडीला परत आले. आळीत पेढे वाटले गेले. शेजारच्या काकूंनी औक्षण केलं. धाकटे काका म्हणाले, "आता विमानतळावर जायचं आणि हजर व्हायचं, काय?"

मी म्हटलं, "नाही काका. आधी हा परवाना इथला करून घ्यायचा आहे."

तेव्हा बाबांनी तो प्रश्न विचारला. "इथला करायचा म्हणजे? तिथे पास झालीस ना? मग पुन्हा कशाला?"

मी गुळमुळीत काहीतरी बोलले. खरं सांगायचं तर आपल्याला काही परीक्षा द्याव्या लागतील एवढंच मला ऐकून माहीत होतं. नियम मी जाण्यापूर्वी वाचलेच नव्हते. ही माझी पहिली चूक.

आता नियम काय ते सांगते. ७ डिसेंबर १९४४ रोजी अमेरिकेतल्या शिकागो शहरात अनेक देशांनी मिळून एक करार केला. आजही जगातली विमान वाहतूक त्याच करारावर चालते. त्याचं पहिलंच कलम सांगतं, की प्रत्येक देशाच्या जमिनीवरचं आकाश हे त्या देशाच्या पूर्ण मालकीचं. म्हणजे बघा, 'आकाश तेच' हे आपलं म्हणणं तिथंच संपलं! बत्तिसावं कलम सांगतं, की दुसऱ्या देशांत जाणारं विमान ज्या देशात नोंदलेलं असेल, त्या देशानं दिलेला किंवा मान्य केलेला परवाना वैमानिकाकडे हवा. तुम्ही विमानाच्या शेपटीजवळ अक्षरं पाहिली असतील. भारतात नोंदलेल्या विमानावर ती 'व्हीटी'पासून सुरू होतात, अमेरिकेतल्या विमानावर 'एन'पासून. माझा परवाना 'एन'वाल्या विमानांचा होता. आणि त्याच कलमात पुढे असंही आहे, की आपल्याच नागरिकानं दुसऱ्या देशाकडून मिळवलेला परवाना स्वतःच्या आकाशात मानायचा की नाही, हे तो देश ठरवू शकतो. जणू माझ्यासाठीच लिहून ठेवलेलं वाक्य!

हे फक्त आपल्याकडेच आहे असं समजू नका. भारतातला परवाना घेऊन अमेरिकेला स्थायिक झालेल्या वैमानिकाला तिथं त्याच्या आधारे फक्त खाजगी वैमानिकाचा परवाना मिळतो. पगार घेऊन विमान चालवायचं असेल तर तिथली लेखी परीक्षा आणि उड्डाणाची परीक्षा द्यावीच लागते. युरोपात गेलात तर डझनभराहून जास्त पेपर. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर २०२२ च्या अखेरीनंतर युरोपचे परवानेही ब्रिटनमध्ये नोंदलेल्या विमानांना चालेनासे झाले. इतकी वर्षं चालत होते ते!

सगळंच पुन्हा करावं लागतं असं मात्र नाही. दहावीत असताना तुम्ही दुसऱ्या राज्यातल्या शाळेत गेलात तर गणित बदलत नाही, पण इतिहासाचं पुस्तक आणि भाषा बदलते. तसंच हे. माझे उड्डाणाचे तास धरले गेले. एकूण दोनशे तास हवेत, त्यांतले शंभर स्वतः विमानाची प्रमुख म्हणून. तो ३०० सागरी मैलांचा प्रवास. रात्रीचे पाच तास. या गोष्टी सगळ्या जगात जवळपास सारख्या आहेत, कारण त्याच आंतरराष्ट्रीय करारातून त्या आल्या आहेत. टेक्सासमधली ती ओळ भिवंडीतही चालली. पण इथले हवाई नियम हा एक पेपर, दिशादर्शन आणि हवामानशास्त्र मिळून दुसरा पेपर, रेडिओवर बोलण्याची वेगळी परीक्षा, दिल्लीला हवाई दलाच्या केंद्रात वैद्यकीय तपासणी, आणि शेवटी इथल्या विमानात इथल्या परीक्षकासमोर उड्डाण, एवढं माझ्यापुढे होतं. शिवाय माझा परवाना खरा आहे, असं अमेरिकेच्या विमान खात्यानं आपल्या खात्याला कळवेपर्यंत थांबायचं.

त्याच वेळी आणखी एक गोष्ट घडली होती. २००८ च्या जुलैत खनिज तेलाचा भाव पिंपाला १४७ डॉलरपर्यंत चढला आणि पाठोपाठ जगभर मंदी आली. जाहिराती बंद झाल्या. माझ्यासारखी शेकडो मुलं परदेशी परवाने घेऊन घरी बसली. आमच्या घरी खाली चार माग चालत होते आणि चार मागांच्या जागी जमिनीत नुसते बोल्ट उरले होते. बँकेचा हप्ता मात्र दर महिन्याला यायचा.

मी २००९ च्या पहिल्याच परीक्षेला बसले. पेपर तीन महिन्यांतून एकदा व्हायचे आणि शंभरापैकी सत्तर गुण मिळाले तरच पास. हवाई नियमांचं पुस्तक मी वरवर चाळलं. अमेरिकेत ब्याण्णव मिळवणाऱ्या मुलीला इथं काय अवघड जाणार? निकाल लागला. दुसऱ्या पेपरात पास. हवाई नियमांत सहासष्ट. नापास!

त्या रात्री मी जेवले नाही. भाऊ त्या वर्षी दहावीत होता. पुण्याला राहून शिकायचं त्याच्या मनात होतं, पण वसतिगृहाचे पैसे कुठून आणायचे? तो बिचारा काही बोलायचा नाही. त्या रात्री मात्र गच्चीवर येऊन म्हणाला, "ताई, हे सगळं तू जाण्याआधी वाचलं होतंस का?"

मी म्हटलं, "नाही रे."

तो गप्प बसला. तो रागावला असता तर बरं वाटलं असतं. त्याला शेवटी भिवंडीतच कॉलेज करावं लागलं. ते मी अजून विसरलेले नाही.

दुसऱ्या खेपेला मी विमान नियम, १९३७ हे ओळीओळीनं वाचले. दिवसा एका गोदामात मालाच्या नोंदी लिहायची नोकरी धरली. अंजूर फाट्याकडे अशी गोदामं रांगेनं आहेत. रात्री खाली मागांच्या आवाजात अभ्यास. या वेळी पास झाले.

मग रेडिओची परीक्षा. ती तेव्हा दूरसंचार खातं घ्यायचं. २०२४ साली भारतीय वायुयान अधिनियम हा नवा कायदा झाला आणि तो अधिकार विमान खात्याकडे गेला. परीक्षेत तुम्हाला एक कल्पनेतला प्रवास देतात. परीक्षक विमानतळाचा नियंत्रक होतो, तुम्ही वैमानिक. समोर विमान नाही, नुसता नकाशा आणि आवाज. मी पहिलंच वाक्य बोलले आणि परीक्षकांनी हात वर केला. रेडिओच्या आकड्यातला दशांश सांगताना मी 'पॉइंट' म्हणाले होते. अमेरिकेत तसंच म्हणतात. जगात बहुतेक ठिकाणी आणि आपल्याकडे 'डेसिमल' म्हणायचं. धावपट्टीवर जाऊन उभं राहा, याला जगभर 'लाइन अप' म्हणायचे, तर अमेरिकेत २०१० पर्यंत 'पोझिशन अँड होल्ड' असे शब्द होते. माझ्या तोंडात तेच बसलेले.

तुम्ही म्हणाल, एवढ्या-तेवढ्या शब्दानं काय होतं? मुलांनो, १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणात चरखी दादरी गावावर दोन मोठी विमानं आकाशात एकमेकांवर आदळली. ३४९ माणसं गेली. एकही वाचला नाही. त्यांतल्या कझाकस्तानच्या विमानाला पंधरा हजार फुटांवर थांबायला सांगितलं होतं, ते त्याच्या खाली उतरलं. रेडिओवरचं इंग्रजी वैमानिकांना नीट न समजणं, हे एक कारण चौकशीत पुढे आलं. त्या वैमानिकांना आपल्या देशात उंची मीटरमध्ये मोजायची सवय होती, इथं फूट. ते वैमानिक मूर्ख नव्हते. आपल्या घरी ते उत्तमच विमान चालवत असतील.

हे सगळं मला पुस्तकातून ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि पटणं वेगळं. मला ते पटलं २०१० च्या जुलैत.

त्याआधी २०१० च्या सुरुवातीला आणखी एक प्रसंग घडला, तोही सांगायला हवा. खात्याची पत्रं येत नव्हती, उड्डाणाच्या परीक्षेसाठी विमान भाड्यानं घ्यायचे पैसे नव्हते. अशात एका माणसानं मला गाठलं. म्हणाला, "मॅडम, कशाला एवढी धावपळ? पैसे द्या, तास कागदावर दाखवता येतात. गुणपत्रिकाही मिळतात. पुढच्या मोठ्या परवान्याला उपयोगी पडतील." मी घरी येऊन बाबांना सांगितलं. मोह झाला होता हे लपवत नाही. बाबा तेव्हा मागावर होते. त्यांनी माग थांबवला. ताण्यातला एक धागा तुटला होता. त्यांनी तो बोटांनी शोधला, गाठ मारली आणि म्हणाले, "हा एक धागा तुटला म्हणून माग बंद पडत नाही. तसाच चालवला तरी कापड निघतं. पण ताग्याच्या टोकापर्यंत रेघ जाते आणि व्यापारी उजेडात धरला की बोट ठेवतो. तुझं कापड कोण उजेडात धरणार, सांग?" आणि माग सुरू केला.

पुढच्याच वर्षी, २०११ मध्ये, खोट्या गुणपत्रिका दाखवून वरचा परवाना मिळवलेले काही वैमानिक पकडले गेले. देशभर बातम्या झाल्या. बाबांनी वर्तमानपत्र माझ्यापुढे ठेवलं. बोलले काहीच नाहीत.

आता जुलै २०१०. गोदामातल्या पगारातून आणि आजीच्या पाटल्या मोडून पैसे जमले. महाराष्ट्रातल्याच एका छोट्या विमानतळावर मी उड्डाणाच्या सरावाला गेले, कारण परवान्याचा अर्ज करताना हाताची सवय ताजी असावी लागते. तिथले सर हवाई दलातून निवृत्त झालेले. बोलणं कमी. पावसाळ्याचे दिवस, दोन सरींच्या मधली उघडीप. मी विमानात बसले. सगळं ओळखीचं, तेच सेसना. मनात म्हटलं, हे तर माझं घर!

इथं थोडं विज्ञान. विमानात उंची दाखवणारं घड्याळासारखं यंत्र असतं, त्याला अल्टिमीटर म्हणतात. ते उंची मोजतं हवेच्या दाबावरून. वर जावं तसा दाब कमी. पण जमिनीवरचा दाबही रोज बदलतो ना? पावसाळ्यात आपल्याकडे तो कमी होतो. म्हणून उड्डाणापूर्वी त्या दिवसाचा दाब विचारून यंत्राच्या छोट्या खिडकीत तो आकडा लावावा लागतो. अमेरिकेत हा दाब पाऱ्याच्या इंचांत सांगतात, जसं २९.९२. आपल्याकडे आणि बहुतेक जगात हेक्टोपास्कलमध्ये, जसं १०१३. दाब तोच, मोजण्याची पट्टी निराळी. आमच्या विमानातल्या यंत्राला दोन्ही खिडक्या होत्या.

सरांनी इंग्रजीत आकडा सांगितला, "नाईन नाईन एट." म्हणजे ९९८ हेक्टोपास्कल. माझ्या कानांनी ऐकलं 'नाईन नाईन एट' आणि हातांनी आपोआप इंचांच्या खिडकीत लावलं २९.९८. टेक्सासमध्ये शेकडो वेळा लावलं होतं तसंच. मनात शंकासुद्धा आली नाही.

सर शांतपणे म्हणाले, "उंची वाचा."

मी वाचली.

"आता विमानतळाची उंची सांगा."

विमानतळाची समुद्रसपाटीपासूनची उंची इमारतीवर पाटीवर लिहिलेली होती. मी काचेतून पाटी पाहिली, मग यंत्र पाहिलं. यंत्र पाचशे फूट जास्त दाखवत होतं.

सर म्हणाले, "वा! उड्डाण न करताच पाचशे फूट चढलात."

माझ्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. ९९८ हेक्टोपास्कल म्हणजे इंचांत २९.४७. मी लावले होते २९.९८. फरक अर्ध्या इंचाचा, आणि जमिनीजवळ एक इंच म्हणजे सुमारे हजार फूट. अर्धा इंच म्हणजे पाचशे. तुम्हीही वहीत मांडून बघा. जमिनीवर हे हसण्यावारी गेलं. पण हाच आकडा मी ढगात असताना, उतरायच्या तयारीत, कानात आवाज आणि काचेवर पाऊस असताना लावला असता तर? यंत्र म्हणालं असतं पंधराशे फूट आणि मी असते हजारावर. आणि आपल्या सह्याद्रीत ढगांच्या आत बऱ्याचदा डोंगर असतो.

विमान तेच होतं. हात तेच होते. चांगले शिकलेले हात होते, म्हणून तर इतक्या चटकन चुकले!

सरांनी मला रागावलं नाही. म्हणाले, "नवशिका ही चूक करत नाही, तो विचारतो. ही चूक दुसरीकडे चांगलं शिकलेला माणूस करतो. म्हणून तर तुम्हाला परत तपासायचं."

संध्याकाळी मी बाबांना फोन केला. दीड वर्षापूर्वीच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं होतं. सगळं सांगितलं. त्यांना हेक्टोपास्कल कळला नाही, पण गोष्ट बरोबर कळली. म्हणाले, "म्हणजे चाळीस नंबरचं सूत समजून साठ नंबरचं लावलं म्हण की! दोन्ही सूतच. पण कापड ठरल्यासारखं उतरत नाही." मी म्हटलं, "हो बाबा, अगदी तसंच."

त्यानंतर त्या परीक्षांचा मला राग आला नाही. महिन्याभरात उड्डाणाची परीक्षा पास झाले. ऑक्टोबर २०१० मध्ये पोस्टमननं एक जाड पाकीट आणून दिलं. भारताचा व्यावसायिक वैमानिक परवाना. भारतातला पहिला परवाना जे. आर. डी. टाटांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी मिळाला होता. माझा कितवा कोण जाणे, पण आमच्या आळीतला पहिला! आजीनं तो देवापुढे ठेवला आणि मुकादमचाचांनी सगळे माग पाच मिनिटं बंद ठेवले. एवढी शांतता आमच्या घरात लाईट गेल्याशिवाय कधी झाली नव्हती.

मोठ्या कंपनीतली नोकरी काही लगेच मिळाली नाही. मंदीचा परिणाम अजून होताच. मी पुढचं प्रशिक्षण घेऊन शिक्षिका झाले आणि त्यात माझं मन रमलं. कर्ज फिटायला नऊ वर्षं लागली. बाबांनी पुन्हा दोन माग घेतले. उरलेल्या दोन जागी बोल्ट अजून आहेत. भावाच्या मुलीच्या शिक्षणाचा खर्च मी करते. तो 'नको' म्हणतो, मी ऐकत नाही.

दरवर्षी माझ्याकडे परदेशी परवाना घेऊन आलेली मुलं सरावाला येतात. कुणी अमेरिकेतून, कुणी दक्षिण आफ्रिकेतून. बहुतेकांच्या चेहऱ्यावर तेच असतं: मला येतंय, मग पुन्हा कशाला? मी त्यांना काही समजावत बसत नाही. विमानात बसवते आणि म्हणते, "उंची वाचा. आता पाटी वाचा."

तुमच्यापैकी कुणाला वैमानिक व्हायचं असेल, तर एक सांगते. कुठल्याही देशात शिकायला जा, पण जाण्यापूर्वी दोन्ही देशांचे नियम वाचा, आईबाबांना सोबत घेऊन वाचा. वैद्यकीय तपासणी पैसे भरण्याआधी करून घ्या, कारण पैसे भरल्यावर डोळ्यांत किंवा कानांत काही निघालं तर फार वाईट. नियम बदलत असतात, म्हणून माझ्यासारख्या ताईचं ऐकून थांबू नका. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे त्या वर्षीचे नियम स्वतः पाहा. मी हे केलं असतं तर माझा भाऊ कदाचित पुण्याला शिकला असता.

आता त्या सातवीतल्या मुलाचं राहिलं. स्नेहसंमेलन संपल्यावर तो स्टेजच्या पायऱ्यांशी थांबला होता. मी त्याला ती ९९८ ची गोष्ट सांगितली. त्यानं बोटांवर हिशेब केला आणि विचारलं, "पण ताई, पाचशे फूट म्हणजे किती?"

मी शाळेच्या चार मजली इमारतीकडे बोट दाखवलं. "अशा दहा शाळा एकीवर एक ठेवल्या की साधारण तेवढे."

त्यानं मान मागे टाकून वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाला, "ताई, परीक्षा दिलीत ते बरंच झालं."